ईशान्येची जलविद्युत : केंद्राचे भांडवल, राज्याचे उत्पन्न आणि गावाचा वाटा

ईशान्येकडील राज्यांना आपल्या भूमीवर उभ्या राहणाऱ्या जलविद्युत प्रकल्पांमध्ये भागीदार होता यावे, यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी ४,१३६ कोटी रुपयांच्या अर्थसाहाय्यास मंजुरी दिली. २०२४-२५ ते २०३१-३२ या आठ वर्षांच्या कालावधीसाठी ही योजना असून, तिच्या आधारे सुमारे १५,००० मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प उभे राहावेत, अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारचा सार्वजनिक उपक्रम आणि संबंधित राज्य सरकार यांनी संयुक्त कंपनी स्थापन करावी, आणि त्या कंपनीतील राज्याच्या भागभांडवलासाठी केंद्राने अनुदान द्यावे, असे या योजनेचे स्वरूप आहे. प्रकल्पाच्या एकूण भागभांडवलाच्या जास्तीत जास्त २४ टक्के आणि एका प्रकल्पामागे कमाल ७५० कोटी रुपये, अशी मर्यादा त्यासाठी घालण्यात आली आहे.

वरवर पाहता हा एक तांत्रिक स्वरूपाचा आर्थिक निर्णय वाटतो. परंतु देशाच्या एका मागे राहिलेल्या प्रदेशाला केंद्राकडून मिळणाऱ्या निधीचे स्वरूप गेल्या तीन दशकांत कसे बदलत गेले, याचा विचार केल्यास त्याचे महत्त्व लक्षात येते. पूर्वी राज्य हे अनुदान घेणारे होते, आता ते मालकांपैकी एक होणार आहे. मालकी आली की नफ्यातील हिस्सा येतो, तसा तोट्यातील हिस्साही येतो. हा व्यवहार राज्याला आणि प्रकल्पाच्या परिसरात राहणाऱ्या जनतेला कितपत लाभदायक ठरेल, हा या योजनेच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

मराठी वाचकांना प्रादेशिक असमतोलाचा विषय नवा नाही. विदर्भ आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाची मोजणी करणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल सादर केला, तेव्हापासून ‘अनुशेष’ हा शब्द महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात रूढ झाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली. निधी राखून ठेवणे आणि तो प्रत्यक्ष खर्च होऊन त्यातून टिकाऊ मालमत्ता निर्माण होणे, या दोन गोष्टींमधील अंतर महाराष्ट्राने चांगलेच अनुभवले आहे. ईशान्य भारताची कथा याच अंतराची आहे. मात्र तिथे डोंगराळ भूप्रदेश, विरळ लोकवस्ती आणि उर्वरित देशाशी असलेला अरुंद भूसंपर्क यांची भर पडते.

ईशान्येसाठी स्वतंत्र नियोजनाची सुरुवात १९७१ च्या ईशान्य परिषद कायद्याने झाली आणि १९७२ मध्ये परिषदेचे कामकाज सुरू झाले. तथापि, निधीच्या दृष्टीने महत्त्वाचे वळण आले ते १९९६ मध्ये. तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांनी त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात ईशान्येसाठी ६,१०० कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. त्याचबरोबर केंद्रीय मंत्रालयांनी आपल्या योजना खर्चापैकी किमान १० टक्के रक्कम या प्रदेशासाठी राखून ठेवावी, असे धोरण त्यांनी घोषित केले. पायाभूत सुविधांमधील तुटीचा अंदाज घेण्यासाठी एस. पी. शुक्ला यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय आयोग नेमण्यात आला आणि त्याने १९९७ मध्ये अहवाल दिला.

राखून ठेवलेली रक्कम वर्षअखेर खर्च झाली नाही, तर तिचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न होता. अर्थसंकल्पाच्या नियमांनुसार अशी रक्कम परत जाते. ते टाळण्यासाठी १९९८ मध्ये ‘व्यपगत न होणारा केंद्रीय निधी’ निर्माण करण्यात आला. मंत्रालयांनी खर्च न केलेला वाटा या निधीत जमा झाल्याचे मानले जाई आणि त्यातून राज्यांच्या रस्ते, पूल, पाणीपुरवठा, वीज आदी कामांना मंजुरी दिली जाई. २००१ मध्ये ईशान्य क्षेत्र विकास विभाग स्थापन झाला आणि २००४ मध्ये त्याला मंत्रालयाचा दर्जा मिळाला. पुढे या निधीची जागा डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ईशान्य विशेष पायाभूत सुविधा विकास योजनेने घेतली. त्यानंतर २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान ईशान्य विकास उपक्रम, म्हणजेच ‘पीएम-डिवाइन’ जाहीर झाला, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी मंत्रिमंडळाने २०२५-२६ पर्यंतच्या चार वर्षांसाठी ६,६०० कोटी रुपयांसह त्याला मान्यता दिली.

या सर्व योजनांची नावे वेगवेगळी असली, तरी त्यांचा गाभा एकच राहिला. केंद्राने पैसा द्यायचा आणि राज्याने काम पूर्ण करायचे. मालमत्ता राज्याची झाली, तरी बहुतेक कामांमधून राज्याला नियमित उत्पन्न मिळत नव्हते. पूल बांधला की त्याची देखभाल राज्याच्या तिजोरीवर येई. स्वतःचे करउत्पन्न मर्यादित असलेल्या राज्यांना तो खर्च पेलणे अवघड जाते. त्यामुळे उत्पन्न देणारी मालमत्ता कोणती, असा विचार सुरू झाला, की या प्रदेशात दृष्टी साहजिकच नद्यांकडे वळते. देशातील मोठ्या जलविद्युत क्षमतेपैकी सर्वांत मोठा वाटा एकट्या अरुणाचल प्रदेशाचा असून, तिथे सुमारे ५०,००० मेगावॅट वीजनिर्मिती शक्य असल्याचा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा अंदाज आहे.

वीज निर्माण करण्याआधी ती वाहून नेण्याची व्यवस्था असावी लागते. ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारा सिलिगुडीचा भूपट्टा सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे. रस्ते, लोहमार्ग, तेलवाहिन्या आणि वीजवाहिन्या या सर्वांना याच चिंचोळ्या वाटेने जावे लागते. आसाममधील विश्वनाथ चारियाली येथून आग्र्यापर्यंत उभारण्यात आलेली ८०० किलोव्होल्ट दाबाची उच्चदाब एकदिश विद्युत वाहिनी याच वाटेने जाते. तिची क्षमता ६,००० मेगावॅट असून, पहिला टप्पा २०१५ मध्ये कार्यान्वित झाला. पावसाळ्यात ईशान्येतील अतिरिक्त वीज उत्तर भारताकडे पाठवता येते, आणि हिवाळ्यात नद्यांचे पाणी कमी झाले की उलट दिशेने वीज घेता येते. केवळ नदीच्या प्रवाहावर चालणारे प्रकल्प वर्षभर सारखी वीज देत नाहीत, त्यामुळे ही देवाणघेवाण अत्यावश्यक ठरते.

भौगोलिक अडचणीवर मात कशी करता येते, याचे उदाहरण म्हणून त्रिपुरातील पालाटाना येथील वायू-आधारित वीज प्रकल्पाचा उल्लेख करता येईल. ७२६ मेगावॅट क्षमतेच्या या प्रकल्पाची अवजड यंत्रसामग्री डोंगराळ रस्त्यांनी नेणे शक्य नव्हते. तेव्हा ती बांगलादेशातील जलमार्गाने आशुगंजपर्यंत आणि तिथून रस्त्याने त्रिपुरात नेण्यात आली. २०१३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी या प्रकल्पाचे लोकार्पण केले. मार्च २०१६ पासून त्रिपुराने बांगलादेशाला १०० मेगावॅट वीज देण्यास सुरुवात केली. शेजारी देशाचे सहकार्य, केंद्रीय उपक्रमाचे भांडवल आणि स्थानिक नैसर्गिक वायू या तिन्हींचा मेळ बसल्यामुळे हे शक्य झाले.

राष्ट्रीय पातळीवरील मोठ्या वाहिन्या आणि गावातील घर यांच्यामधील दुवा म्हणजे राज्यांतर्गत पारेषण आणि वितरण. या भागाकडे केंद्राने उशिरा, पण भरीव प्रमाणात लक्ष दिले. आसाम, मणिपूर, मेघालय, मिझोराम, त्रिपुरा आणि नागालँड या सहा राज्यांसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने ५,१११ कोटी रुपयांचा प्रकल्प डिसेंबर २०१४ मध्ये मंजूर झाला. अरुणाचल प्रदेश आणि सिक्कीमसाठी त्याच वर्षी ४,७५४ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना हाती घेण्यात आली. दोन्हींची अंमलबजावणी पॉवरग्रिड या केंद्रीय उपक्रमाकडे सोपवण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या प्रकल्पाचा सुधारित खर्च ६,७०० कोटी रुपये, तर मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या योजनेचा ९,१२९ कोटी रुपये निश्चित करण्यात आला. म्हणजे अरुणाचल आणि सिक्कीममधील कामाचा खर्च सुमारे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. जंगलातून वाहिनी नेण्याची परवानगी, मनोऱ्यांसाठी जागा, कामाचा अल्प हंगाम आणि साहित्य वाहून नेण्यातील अडचणी यांची किंमत या प्रदेशात अशा रीतीने मोजावी लागते.

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील लेइसांग हे गाव राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडले गेले आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. देशाच्या यादीतील अखेरचे गाव ईशान्येतील असावे, यात आश्चर्य नव्हते. मात्र तेव्हाच्या व्याख्येनुसार मूलभूत वीजव्यवस्था, शाळा व पंचायत यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांना जोडणी असली, की गावाचे विद्युतीकरण झाले असे मानले जात असे. उर्वरित घरांपर्यंत पोहोचण्यासाठी ‘सौभाग्य’ योजना आणावी लागली. जोडणी मिळाल्यानंतरही वीज किती तास राहते, दाब पुरेसा असतो का, आणि वादळात खांब पडल्यास दुरुस्ती किती दिवसांत होते, हे प्रश्न उरतातच. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत विशेष श्रेणीच्या राज्यांना वितरण व्यवस्थेच्या कामांसाठी ९० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली, ती याच कारणासाठी.

जलविद्युत प्रकल्पांच्या बाबतीत दीर्घकाळ वेगळाच मार्ग अनुसरण्यात आला. २००५ नंतरच्या काही वर्षांत अरुणाचल प्रदेश सरकारने अनेक खासगी कंपन्यांशी करार केले. त्यांतील बहुसंख्य प्रकल्प कागदावरच राहिले. दुर्गम नदीखोऱ्यात आधी रस्ते आणि पूल बांधायचे, मग भूगर्भाची पाहणी करायची, पुनर्वसन आणि पर्यावरणविषयक परवानग्या मिळवायच्या, आणि एवढे करून आठ-दहा वर्षांनी पहिली वीज विकायची, हे गणित खासगी भांडवलाला परवडणारे नव्हते. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रखडलेले १२ प्रकल्प केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांकडे सोपवण्याचे करार राज्याने केले. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ११,५०० मेगावॅट आहे.

सार्वजनिक उपक्रम आले म्हणून अडचणी आपोआप संपत नाहीत, हे आसाम आणि अरुणाचल प्रदेशाच्या सीमेवरील सुबनसिरी लोअर प्रकल्पावरून दिसून येते. २,००० मेगावॅटच्या या प्रकल्पाचे काम २००५ मध्ये सुरू झाले. धरणाच्या खालच्या भागातील आसामच्या मैदानी प्रदेशात पुराचा आणि अचानक पाणी सोडले जाण्याचा धोका निर्माण होईल, या भीतीने तीव्र आंदोलन झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये काम थांबले. राष्ट्रीय हरित लवादाच्या निर्णयानंतर ते ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा सुरू होऊ शकले. प्रारंभी सुमारे ६,२८५ कोटी रुपये असलेला अंदाजित खर्च या काळात २०,००० कोटी रुपयांच्या पुढे गेला. दिबांग नदीवरील २,८८० मेगावॅटच्या प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २००८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली होती. गुंतवणुकीला अंतिम मंजुरी मिळण्यास फेब्रुवारी २०२३ उजाडले. तेव्हा त्याचा खर्च ३१,८७६ कोटी रुपये होता.

या अनुभवातून केंद्राच्या धोरणात दोन महत्त्वाचे बदल झाले. वीजनिर्मितीशी थेट संबंध नसलेला खर्च वीजदरातून वसूल करू नये, तो सरकारने उचलावा, हे तत्त्व मार्च २०१९ मध्ये मान्य करण्यात आले. त्यानुसार पूरनियंत्रणाचा भाग, तसेच रस्ते आणि पूल यांच्यासाठी अर्थसंकल्पीय साहाय्य देण्याचे ठरले. दिबांग प्रकल्पाला पूरनियंत्रणासाठी ६,१५९ कोटी रुपये मिळण्याची तरतूद याच तत्त्वावर आधारित आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या योजनेची व्याप्ती वाढवून पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे आणि दळणवळणाच्या सुविधांचाही तीत समावेश करण्यात आला आणि १२,४६१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. दुसरा बदल म्हणजे लेखाच्या प्रारंभी उल्लेख केलेले भागभांडवली साहाय्य.

हे साहाय्य प्रत्यक्षात कसे काम करते, ते समजून घेणे आवश्यक आहे. वीज प्रकल्पांच्या खर्चाचा सर्वसाधारणपणे ७० टक्के भाग कर्जातून आणि ३० टक्के भाग भागभांडवलातून उभा केला जातो. १०,००० कोटी रुपयांचा प्रकल्प गृहीत धरल्यास भागभांडवल ३,००० कोटी रुपये होते आणि त्याचे २४ टक्के म्हणजे ७२० कोटी रुपये. एवढी रक्कम अरुणाचल प्रदेशासारखे राज्य अनेक प्रकल्पांत एकाच वेळी गुंतवू शकणार नाही. केंद्राने ती दिल्यामुळे राज्य एक रुपयाही न घालता भागीदार होते. लाभांश मिळतो, संचालक मंडळात प्रतिनिधित्व मिळते आणि प्रकल्प लवकर पूर्ण होण्यात राज्याचेही हित निर्माण होते. जमीन आणि परवानग्यांच्या प्रश्नांवर राज्य सरकारचे सहकार्य निर्णायक असते, हे लक्षात घेता या रचनेमागील विचार समर्थनीय आहे.

मात्र या योजनेला एक अट आहे आणि तिच्यावर पुरेशी चर्चा झालेली नाही. साहाय्य केवळ व्यवहार्य प्रकल्पांनाच मिळेल. प्रकल्प व्यवहार्य ठरण्यासाठी आवश्यक असल्यास राज्याने आपल्या हक्काची मोफत वीज सोडून द्यावी किंवा टप्प्याटप्प्याने घ्यावी, अथवा राज्याच्या वाट्याच्या वस्तू आणि सेवा कराची रक्कम परत करावी, असे त्यात अपेक्षित आहे. जलविद्युत प्रकल्पातून यजमान राज्याला १२ टक्के वीज मोफत मिळण्याची पद्धत देशात दीर्घकाळ रूढ आहे. नदी, जमीन आणि जंगल यांच्या वापराचा तो मोबदला आहे. कर्जाच्या व्याजाचा भार प्रारंभीच्या वर्षांत सर्वाधिक असल्याने त्या काळातील वीज महाग पडते, आणि महाग वीज विकत घेण्यास वितरण कंपन्या तयार नसतात. म्हणून पहिल्या काही वर्षांतील मोफत वीज पुढे ढकलावी, असा हा युक्तिवाद आहे. आर्थिकदृष्ट्या तो चुकीचा नाही. परंतु राज्याच्या दृष्टीने पाहिल्यास खात्रीचे उत्पन्न लांबणीवर टाकून अनिश्चित लाभांश स्वीकारण्याचा हा सौदा ठरू शकतो.

एका प्रत्यक्ष प्रकल्पाच्या आधारे या दोन उत्पन्नांची तुलना करून पाहता येईल. अरुणाचल प्रदेशातील शि योमी जिल्ह्यात ७०० मेगावॅटच्या ताटो-२ प्रकल्पाला १२ ऑगस्ट २०२५ रोजी मंजुरी मिळाली. त्याचा अंदाजित खर्च ८,१४६ कोटी रुपये असून, वर्षाला सुमारे २,७३८ दशलक्ष युनिट वीज अपेक्षित आहे. राज्याच्या भागभांडवलासाठी केंद्राकडून ४३६ कोटी रुपये मिळणार आहेत. राज्याला १२ टक्के मोफत वीज आणि स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी आणखी १ टक्का वीज मिळेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. केवळ तुलनेसाठी विजेचा दर प्रतियुनिट ४ रुपये आणि भागभांडवलावरील परतावा १५ टक्के गृहीत धरू. मोफत विजेचे मूल्य वर्षाला सुमारे १३१ कोटी रुपये होते. ४३६ कोटींवरील परतावा सुमारे ६५ कोटी रुपये होतो, आणि तोही कंपनीने सर्व नफा वाटला तरच. प्रत्यक्ष दर आणि परतावा वेगळे असतील. तथापि मोफत वीज हे राज्याचे मोठे उत्पन्न आहे आणि लाभांश हे पूरक उत्पन्न आहे, हे प्रमाण त्यामुळे फारसे बदलत नाही. म्हणूनच ज्या प्रकल्पात मोफत वीज पुढे ढकलली जाईल, तिथे किती वर्षे आणि नंतर ती कशी भरून दिली जाईल, याचा तपशील विधिमंडळासमोर आणि जनतेसमोर येणे गरजेचे आहे.

मालकीबरोबर जोखीम येते, याचा धडा सिक्कीमने घेतला आहे. तिस्ता नदीवरील १,२०० मेगावॅटच्या तिस्ता-३ प्रकल्पाच्या कंपनीत सिक्कीम सरकारचा हिस्सा ६० टक्क्यांहून अधिक होता. २०१७ मध्ये वीजनिर्मिती सुरू झालेल्या या प्रकल्पाचे चुंगथांग येथील धरण ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे वाहून गेले. दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटून आलेल्या लोंढ्यापुढे ते टिकू शकले नाही. अनेकांचे प्राण गेले, पूल आणि रस्ते उद्ध्वस्त झाले आणि खालच्या बाजूच्या तिस्ता-५ प्रकल्पाचेही मोठे नुकसान झाले. राज्याने भविष्यातील उत्पन्नाचा आधार मानलेली मालमत्ता काही तासांत निकामी झाली. प्रकल्प बंद पडला, की मोफत वीजही थांबते. पण भागधारक असलेल्या राज्याला त्याखेरीज आपल्या भांडवलाच्या हानीला आणि पुनर्बांधणीच्या भाराला सामोरे जावे लागते.

ईशान्य भारताचा बहुतांश भाग सर्वाधिक भूकंपप्रवण क्षेत्रात मोडतो. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसाम-तिबेट सीमाभागात झालेल्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने डोंगर खचले, नद्यांचे प्रवाह अडले आणि ब्रह्मपुत्रेचे पात्रही बदलले. कोयनानगरच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची स्मृती महाराष्ट्रात अजूनही कायम आहे. ज्या कोयनेने राज्याच्या उद्योगांना वीज पुरवली, तिच्या धरणग्रस्तांना पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी दशकानुदशके झगडावे लागले, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. वीज दूरच्या शहरांना मिळते आणि पाण्याखाली गेलेली जमीन मात्र जवळच्या गावाची असते, हा अनुभव सह्याद्रीपासून पूर्व हिमालयापर्यंत सारखाच आहे.

मणिपूरमधील लोकटाक प्रकल्प हे त्याचे ईशान्येतील जुने उदाहरण होय. १०५ मेगावॅटचा हा प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला. त्यासाठी बांधलेल्या इथाई बंधाऱ्यामुळे लोकटाक सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली. काठावरील शेती बुडाली, मासेमारीचे स्वरूप बदलले आणि सरोवरावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या थरांवर अवलंबून असलेल्या सांगाई हरणांचा अधिवास संकटात आला. सियांग नदीवरील ११,००० मेगावॅटहून अधिक क्षमतेच्या प्रस्तावित प्रकल्पाला आदी समाजातील अनेक गावांचा विरोध आहे, त्यामागे याच प्रकारची भीती आहे. चीनने त्याच नदीवर तिबेटमध्ये, वरच्या बाजूला, प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम जुलै २०२५ मध्ये सुरू केल्यामुळे भारताच्या दृष्टीने या प्रकल्पाला सामरिक महत्त्व प्राप्त झाले आहे. परंतु राष्ट्रीय निकड जितकी मोठी, तितकी स्थानिकांची संमती मिळवण्याची जबाबदारीही मोठी ठरते.

या संदर्भात गावाच्या वाट्याकडे वळावे लागेल. २००८ च्या जलविद्युत धोरणानुसार प्रकल्पाने १ टक्का अतिरिक्त मोफत वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी द्यायची आहे आणि राज्याने आपल्या १२ टक्क्यांमधून तेवढीच भर घालायची आहे. प्रकल्पबाधित कुटुंबाला १० वर्षांपर्यंत दरमहा १०० युनिट वीज देण्याची तरतूदही त्यात आहे. वरील गृहीतकांनुसार ताटो-२ प्रकल्पातील १ टक्का विजेचे मूल्य वर्षाला सुमारे ११ कोटी रुपये होते आणि राज्याने आपली भर घातल्यास ते २२ कोटींच्या आसपास जाते. विरळ वस्तीच्या जिल्ह्यासाठी ही रक्कम लहान नाही. आरोग्य केंद्र, वसतिशाळा, गावापर्यंतचा रस्ता, सिंचनाचे छोटे पाट अशी कामे त्यातून दरवर्षी होऊ शकतात. परंतु हा निधी राज्याच्या सर्वसाधारण जमाखर्चात मिसळून गेला, अथवा त्याच्या विनियोगात ग्रामसभेला स्थान राहिले नाही, तर प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबाला भागीदारीचा अर्थ कधीच कळणार नाही.

केंद्राच्या निधीचे स्वरूप अनुदानाकडून भांडवलाकडे सरकणे, हा स्वागतार्ह बदल आहे. त्याची परिणामकारकता मात्र पुढील चार गोष्टींवर अवलंबून राहील. मोफत वीज लांबणीवर टाकण्याचा प्रत्येक करार सार्वजनिक व्हायला हवा. लाभांशाचा ठराविक भाग आपत्तीसाठी राखीव ठेवायला हवा, आणि हिमसरोवरांवर देखरेख ठेवून धोक्याची पूर्वसूचना देणारी यंत्रणा हा प्रकल्प खर्चाचाच भाग मानायला हवा. स्थानिक विकास निधीचा हिशेब प्रकल्पनिहाय आणि गावनिहाय जाहीर व्हायला हवा. आणि वीजनिर्मितीइतकेच लक्ष वितरणाच्या देखभालीकडे द्यायला हवे. कारण शेजारच्या नदीवर हजारो मेगावॅट वीज तयार होत असताना गावातील रोहित्र महिनोन्‌महिने बंद राहिले, तर त्या प्रकल्पाविषयी आपुलकी निर्माण होणे कठीण आहे.

यातील बहुतेक बाबींसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. संयुक्त कंपन्यांचे करार अद्याप एकामागून एक आकार घेत आहेत, आणि करार होण्यापूर्वी घातलेली अट पाळली जाण्याची शक्यता नंतर केलेल्या मागणीपेक्षा नेहमीच अधिक असते. भागभांडवलासाठी ४,१३६ कोटी रुपये देताना केंद्राने राज्यांना जशी अट घातली, तशीच गावाच्या वाट्याविषयीही घालण्याची संधी त्याला उपलब्ध आहे. राज्यांनीही ही संधी साधली, तर गेल्या तीन दशकांत राखून ठेवलेल्या, वर्ग केलेल्या आणि मंजूर केलेल्या निधीच्या तुलनेत या लहान रकमेचा परिणाम अधिक दूरगामी ठरू शकेल.